पाऊणपट अधिक सहा

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे मला पाढे यायच्या आधीपासून येत होतं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. देवबागला आमचे आजोबा रापणीवर निघण्याआधी हा हिशेब बोटांच्या पेरांवर करायचे. देवबाग म्हणजे माडांची एक चिंचोळी पट्टी. एका अंगाला कर्लीची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र. घरातल्या कुठल्याही खिडकीतून पाण्याचा आवाज यायचा. एवढं असून मला पोहता येत नव्हतं. आमच्याकडे पुरुष पाण्यात जात आणि बायका पुळणीवर टोपल्या घेऊन थांबत. आईचा एकच मंत्र होता, "दर्याक पाठ करू नको गो." त्याच्या पुढचा धडा कुणी शिकवलाच नाही, कारण पुढे जायचंच नव्हतं.

हे सगळं आधी सांगते, कारण पुढे जे झालं त्यात माझी घमेंड मोठी होती. समुद्राकाठी जन्मलेल्या माणसाला वाटतं, समुद्र आपल्याला कळतो.

नर्स म्हणून मी आयर्लंडला गेले आणि फिरत फिरत वायव्य कोपऱ्यातल्या स्लायगोला पोचले. आमच्या वॉर्डात केरळच्या मुली पुष्कळ, मराठी मी एकटी. गावापासून सात-आठ किलोमीटरवर स्ट्रँडहिल आहे. हेही एक प्रकारचं देवबागच. पुढ्यात अटलांटिक, मागे कलीनमोरची शांत, उथळ खाडी, मधे वाळूच्या टेकड्या आणि त्यांना धरून ठेवणारं उंच, धारदार गवत. आपल्याकडे पुळणीवर मर्यादवेल जे काम करते तेच इथे हे गवत करतं. किनाऱ्यावर एक जुनी तोफ समुद्राकडे तोंड करून ठेवलेली आहे. मागे नॉकनरे डोंगर, 327 मीटरचा, आणि त्याच्या माथ्यावर दगडांचा प्रचंड ढीग. मेव्ह राणी आत उभीच पुरली आहे आणि तिचं तोंड उत्तरेकडच्या शत्रूंकडे आहे, असं तिथले लोक सांगतात. ढीग पाचेक हजार वर्षांचा आहे आणि तो आजवर कुणी उकरून पाहिलेला नाही. किनाऱ्यासमोर उघडा महासागर. त्यामुळे लाटा येतात त्या वाटेत कुणी न अडवलेल्या. किनाऱ्यावर पाटी आहे, इथे पोहू नका. पाण्याला ओढ फार. सर्फिंगवाले मात्र फळी घेऊन बारा महिने त्याच पाण्यात असतात. पहिली दोन वर्षं मी त्यांच्याकडे आपण वेड्यांकडे पाहतो तसं पाहत होते.

2013 ची कोजागिरी. सुट्टी होती, घरात कुणी नव्हतं. कालनिर्णय माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर तेव्हाही होतं, आजही आहे. मसाला दुधाची आठवण येऊन रडू येण्यापेक्षा बाहेर पडावं म्हणून कोनी बेटावर चालत जायचं ठरवलं. हे बेट स्ट्रँडहिलच्या समोरच आहे. पाणी उतरलं की कमीन नावाची पुळण उघडी पडते आणि वाळूवरून सरळ चालत किंवा गाडीनं जाता येतं. वाट चुकू नये म्हणून दगडी खांब उभे केलेत, मोजून चौदा. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला नाव ह्याच बेटावरून पडलं असं स्लायगोचे लोक छातीठोक सांगतात. मी वाद घालत नाही. कोनी म्हणजे ससा, आणि ससे दोन्हीकडे असणार.

पुळणीच्या तोंडाशी पाटी होती : भरतीची वेळ पाहूनच जा. मी ती वाचली आणि आजोबांचा हिशेब केला. पौर्णिमा, सव्वाअकरा. घड्याळात एक वाजला होता. म्हणजे भरती होऊन गेली, सुकती साडेपाचला, हातात चार तास. दोन तासांत एवढी पुळण उघडी कशी पडली, ही शंका मनात आली होती, खोटं कशाला सांगू. पण तिचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. उथळ खाडी आहे, लवकर सुकते. जाणत्या माणसाकडे उत्तर नेहमी तयार असतं.

बेटावर गेले, सेंट पॅट्रिकची खुर्ची म्हणतात त्या दगडात बसून एक इच्छा मागितली, डबा खाल्ला आणि टेकडीच्या आडोशाला डुलकी काढली. परत निघाले तेव्हा चार वाजत आले होते. पहिला खांब, दुसरा, तिसरा. पुढे वाळूवर काहीतरी चमकत होतं. लाट नव्हती, आवाज नव्हता. बशीत सांडलेला चहा पसरतो तसं पाणी वाळूच्या रेघारेघांतून आडवं येत होतं, समोरून येण्याऐवजी दोन्ही बाजूंनी. मी बूट काढले आणि चालत राहिले. घोट्यापर्यंत. पोटरीपर्यंत. पुढचे खांब आता वाळूत नव्हते, पाण्यात उभे होते. आणि मी तरीही पुढेच चालले होते, कारण साडेपाचपर्यंत ओहोटी आहे हे मला माहीत होतं!

मागून गाडीचा हॉर्न वाजला. थांबून पुन्हा वाजला. मग कुणीतरी बोट न उचलता तो दाबूनच धरला.

वळून पाहिलं तर बेटाच्या काठावर एक जुनाट जीप आणि तिच्याजवळ एक बाई, दोन्ही हात डोक्यावर धरून आपल्याकडे ओढल्यासारखे करणारी. परत फिर. मी फिरले. शेवटचं अंतर गुडघ्यावर आलेल्या पाण्यातून कापलं आणि थंडीनं पायांची जाणीव गेली. ऑक्टोबरातलं ते पाणी आपल्याकडच्या माठातल्या पाण्यापेक्षा गार असतं.

बाई सत्तरीच्या आसपासच्या. अंगावर मेण लावलेलं जाकीट, गळ्यात दुर्बीण. त्यांनी मला काही विचारलं नाही. जीपच्या मागच्या सीटवरची कुत्र्याची गोधडी माझ्या पायांना गुंडाळली, फ्लास्कमधला चहा झाकणात ओतला आणि म्हणाल्या, "यू आर ग्रँड." आयर्लंडमध्ये हे दोन शब्द 'ठीक आहे'पासून 'मरता मरता वाचलीस'पर्यंत कशालाही चालतात.

आता मध्यरात्रीपर्यंत बेटावरच, हे त्यांनी हवापाणी सांगावं तसं सांगितलं. त्यांचं तसं ठरलेलंच होतं. त्या बदकं मोजायला आल्या होत्या. मी आपली बदकं म्हणते, ते ब्रेंट जातीचे छोटे, काळ्या मानेचे हंस. कॅनडाच्या उत्तर ध्रुवाकडच्या टोकावर पिल्लं वाढवायची, मग ग्रीनलंड, आइसलंड ओलांडून हिवाळ्याला आयर्लंडच्या खाड्यांत यायचं आणि पाण्याखालचं समुद्रगवत खायचं, हा त्यांचा दरसालचा फेरा. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून बाई हिवाळ्यात महिन्यातून एकदा ह्या खाडीची मोजणी करायच्या. भरती चढत आली तसे ते पक्षी आमच्या बाजूच्या काठाला सरकत आले, घशातल्या घशात गुरगुरत. पंगतीत बायका हळू आवाजात बोलाव्यात तसा तो आवाज.

बेटावर एक पब आहे, त्याचं दार बंद होतं. आम्ही जीपमध्येच बसलो. चंद्र वर आला. मी त्यांना म्हटलं, आज आमच्याकडे जागायची रात्र असते, चंद्राच्या उजेडात आटवलेलं दूध पितात. त्यांनी चहात घालायच्या दुधाची बाटली काढली, काचेतून येणाऱ्या चांदण्यात धरली आणि मला दिली. साखर नाही, केशर नाही, वेलदोडा नाही. ते दूध मी प्याले.

मग त्यांनी विचारलं, "तुझा हिशेब काय होता?"

मला वाटलं होतं, आता बोलणी बसतील. पण त्यांनी वही काढली, माझ्याकडून तिथी म्हणजे काय ते समजून घेतलं आणि पाऊणपटीचं गणित लिहून घेतलं. खिशातून भरतीच्या वेळांचं छोटं पुस्तक काढलं, दुर्बिणीच्या पट्ट्याखाली ते दाबून धरलं आणि टॉर्चच्या उजेडात पौर्णिमा, अष्टमी, अमावास्या अशा तारखा ताडून पाहू लागल्या. अर्धा तास गेला असेल. शेवटी म्हणाल्या, "तुझे आजोबा बरोबर आहेत. त्यांना सहा तास मिळव."

तेव्हा त्यांनी मला जे समजावलं ते जीपच्या स्टिअरिंगवर बोट फिरवत. चंद्र सगळ्यांना सारखाच असला तरी भरती ही महासागरातून फिरणारी एक लांबच लांब लाट असते. तळ किती खोल, किनारा कसा वळलेला, यावर ती कुठल्या बंदरात चंद्रामागून किती तासांनी पोचणार ते ठरतं. प्रत्येक बंदराची उशिराची वेळ वेगळी. जुने खलाशी पौर्णिमा-अमावास्येची ती वेळ बंदरागणिक लिहूनच ठेवत. आमच्या किनाऱ्यावर पौर्णिमेची भरती दुपारच्या जरा अलीकडे येते, तर स्लायगोत संध्याकाळी. आपल्याकडे भरती तेव्हा त्यांच्याकडे जवळजवळ सुकती. शिवाय उधाणाला तिथे पाणी साडेतीन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, आमच्यापेक्षा बरंच जास्त. आजोबांचं गणित देवबागचं होतं. मी ते चौदा खांबांच्या मधे नेऊन ठेवलं होतं.

वाळू पुरती उघडी पडल्यावर, रात्री अकरा वाजून गेल्यावर, आम्ही निघालो. पहिले काही खांब गेले आणि त्यांनी जीपचे दिवे बंद केले. गरजच नव्हती. ओली पुळण इतकी उजळली होती की खांबांच्या सावल्या पडल्या होत्या. स्टिअरिंगवर एक हात ठेवून त्या खांब मोजत होत्या, आयरिश भाषेत, पुटपुटत. चौदाव्याला म्हणाल्या, "आता घरी जा आणि आईला फोन कर." आई तेव्हा पहाटेच्या झोपेत होती. तरी केला. सगळं ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "त्या बायेक माझो नमस्कार सांग."

इथवरची गोष्ट जीव वाचवल्याची. तेवढीच असती तर ती एका पेढ्याच्या पुड्यात फिटली असती, निदान आपण तशी समजूत करून घेतली असती. ऋण वाढलं ते पुढे.

पुढच्या जूनमध्ये त्यांचा निरोप आला. पाण्याला भितेस, तर पाण्यात ये. मी हसण्यावारी नेलं. त्या घरी आल्या. हातात त्यांच्या मुलीचा जुना वेटसूट आणि पावाची रिकामी पिशवी. पिशवी कशाला, ते किनाऱ्यावर कळलं. तो जाड रबरी पोशाख ओलसर पायावरून वर चढता चढत नाही. पायाला पावाची पिशवी घालायची, मग पाय सुर्रकन आत जातो. पिशवी काढायची, दुसऱ्या पायाला घालायची. माझ्या पायाशी वाळूत गुडघे टेकून त्या एकाहत्तर वर्षांच्या बाई माझी टाच पिशवीत बसवत होत्या. लाज वाटून मी पाय मागे घेतला तर त्यांनी घोटा घट्ट धरला. आपल्याकडे वडीलधाऱ्या माणसानं आपल्या पायाला हात लावणं म्हणजे काय, हे त्यांना कसं सांगणार?

उन्हाळ्यातही तिथलं पाणी पंधरा-सोळा अंशांच्या वर फारसं जात नाही. सूट घातला की पहिलं पाणी पाठीच्या कण्यावरून खाली उतरतं आणि श्वास अडकतो. मग तेच पाणी अंगाच्या उबेनं कोमट होतं आणि आतच राहतं. पहिले चार दिवस आम्ही कमरेइतक्या पाण्यापुढे गेलोच नाही. त्या मला फक्त बघायला शिकवत होत्या. लाटा फुटतायत त्यांच्या मधे एखादा पट्टा शांत दिसतो ना, तिथे जाऊ नको. आत आलेलं पाणी तिथूनच परत जातं. ओढीत सापडलीस तर किनाऱ्याकडे झगडू नको, दमशील. आडवी जा. आणि काही झालं तरी फळी सोडायची नाही.

पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, "आता समुद्राकडे पाठ कर."

मी जागच्या जागी उभी. लाटेवर चढायचं तर तोंड किनाऱ्याकडेच हवं, हे मला दुरून बघताना कधी लक्षातच आलं नव्हतं. फळीवर पालथं पडायचं, लाट मागून येऊ द्यायची आणि ती उचलायला लागली की हात मारायचे. आईचा मंत्र मी त्यांना सांगितला. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, बरोबर सांगते तुझी आई. आधी मान वळवून लाट बघ. पुढचं मी बघते. आणि त्या माझ्यामागे, लाटा आणि मी यांच्या मधे, छातीइतक्या पाण्यात उभ्या राहिल्या. लाट त्यांच्या खांद्यावर फुटून माझ्यापर्यंत यायची. त्यांनी फळीला धक्का दिला. मी वीसेक हात गेले असेन, पालथीच, डोळे मिटून, नाकात पाणी. वाळूला लागले आणि मागे पाहिलं तर त्या दोन्ही हात वर करून ओरडत होत्या. शब्द वाऱ्यानं नेले.

फळीवर उभं राहायला मला दोन उन्हाळे लागले, आणि आजही मी चार-पाच सेकंदांच्या वर उभी राहत नाही. माझ्याकडून कुणी थरारक वर्णनाची अपेक्षा करू नये. पण मी पाण्यात जाते. सुट्टीत देवबागला गेले की तिथेही जाते. तिकडे आता तारकर्लीपासून बोटी, स्कूबा, पॅराशूट यांची जत्रा भरलेली असते. लाइफ जॅकेटमध्ये कोंबलेले पर्यटक किंचाळत असतात आणि गावातल्या बायका अजूनही काठावरच. एकदा आईला हात धरून कमरेपर्यंत नेली. ती समुद्राकडे तोंड करूनच उभी राहिली, पाठ काही केली नाही.

परतफेडीचे माझे प्रयत्न सांगण्यासारखे नाहीत. मोदक नेले तर त्यांनी कुत्र्याशी वाटून खाल्ले. आगळ नेलं, त्यांनी ते सलाडवर घातलं आणि सरबत करायचं असतं हे सांगूनही पुढच्या वर्षी परत सलाडवरच घातलं. वेटसूटचे पैसे पुढे केले तेव्हा एकदाच त्यांना रागावलेलं पाहिलं. उलट दर नाताळाला त्यांच्याकडून मलाच पाकीट यायचं. आत पुढच्या वर्षाचं भरतीचं पुस्तक, पौर्णिमांना पेन्सिलनं गोल केलेले. लाटांत बधिर झाल्यावर त्या मला कधी समुद्रशेवाळाच्या स्नानाला घेऊन जायच्या, हा स्लायगोकडचा जुना सुखाचा प्रकार आहे. टबात कढत खारं पाणी, त्यात शेवाळाची रुंद, दातेरी पानं. अभ्यंगाचं तेल चोपडल्यासारखं अंग बुळबुळीत होतं. दिवाळीच्या पहाटेची आठवण मला त्या देशात फक्त तिथे यायची.

नावानं हाक मारायला मला कधी जमलं नाही. तिथे लहान पोरंसुद्धा मोठ्यांना नावानं हाक मारतात. मी वाक्य फिरवून बोलायचे, म्हणजे हाक मारायची वेळच यायची नाही. मनात 'मावशी' म्हणायचे. त्यांचं नाव इथेही लिहीत नाही. गावात बोलबाला केलेला त्यांना आवडायचा नाही.

2020 च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. आजार वेगळा होता, पण दिवस करोनाचे. आयर्लंडमध्ये माणूस गेलं की घर उघडं असतं. ओळखीचा-अनोळखी जो येईल तो हात हातात घेऊन दोन शब्द बोलतो, चहा पितो, सँडविच खातो. त्या वर्षी ते सगळं बंद होतं. अंत्यविधीला मोजकी माणसं. म्हणून गावोगावचे लोक रस्त्याच्या कडेनं अंतर सोडून उभे राहायचे आणि शववाहिनी त्यांच्या समोरून हळू जायची. मी रात्रपाळी संपवून गणवेशातच स्ट्रँडहिलच्या रस्त्याला उभी राहिले. माझ्या पलीकडे वेटसूट घातलेली चार पोरं होती, फळ्या उभ्या धरून. त्या पोरांनाही पिशवीवाला धडा मावशींनीच दिलेला होता, हे मला नंतर कळलं. मला वाटत होतं, तो माझ्या एकटीसाठी होता.

पुढे त्यांच्या मुलीनं मोजणीची वही माझ्याकडे दिली. त्या कोजागिरीच्या पानावर हंसांचे आकडे आहेत, वाऱ्याची दिशा आहे, 'एक भारतीय बाई, ओली' अशी नोंद आहे आणि खाली चौकटीत पाऊणपटीचं गणित, अधिक सहा. त्यापुढच्या जवळजवळ प्रत्येक पानावर त्यांनी आधी माझ्या आजोबांच्या रीतीनं वेळ काढली आहे आणि मग शेजारी पुस्तकातली लिहिली आहे. साडेसहा वर्षं.

तुमच्यापैकी कुणी स्लायगोला गेलंच आणि कोनी बेटावर चालत जायचं मनात आलं, तर तिथी बघून पाऊणपट करा, सहा तास मिळवा, मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर तिकडचं घड्याळ पुढे असतं तेव्हा आणखी एक. येईल ती भरतीची ढोबळ वेळ. तिच्या भरवशावर मात्र निघू नका. मासेमारीचं सामान विकणाऱ्या दुकानात भरतीचं पुस्तक मिळतं, ते घ्या आणि पुळणीच्या तोंडाशी पाटी आहे ती थांबून वाचा.